टेकडीवरून दिसलेली होडी

माझा भाऊ एव्हारिस्तो तरणा होता तेव्हा देवमासे मारायला जायचा, आणि म्हातारपणी तेच मासे लोकांना दाखवायला लागला. शिकार बंद झाली तेव्हा गावातल्या लांब होड्या छपराखाली गेल्या, भाले भिंतींवर टांगले गेले, पण टेकडीवरची टेहळणीची खोली चालू राहिली. पूर्वी तिथून दारूचा बाण उडाला की पुरुषमाणसं कुदळी टाकून खाली धावायची. आता तिथून वायरलेसवर सांगायचं, मासा अमुक दिशेला वर आलाय, की पर्यटकांनी भरलेली रबरी होडी तिकडे सुटते. दादा त्या खोलीत मोटारीच्या जुन्या सीटवर बसून, स्टँडवरच्या दुर्बिणीला डोळे लावून समुद्र चाळत असायचा. वहिनी गेल्यापासून त्याचं जेवण मीच वर नेत असे.

होडी चालवायची त्याची मुलगी, देओलिंदा. बापलेकीचं वायरलेसवरचं बोलणं धक्क्यावरची रिकामी माणसं मुद्दाम ऐकत बसायची. ती विचारायची, "बाबा, दिसतंय का काही, की डोळे मिटूनच दुर्बिणीत बघताय?" तो म्हणायचा, "तू आधी होडी सरळ चालव. वरून बघितलं तर झिंगलेली गाय चालल्यासारखी दिसतेस."

देओलिंदाचं लग्न झालं होतं, बेलार्मिनोशी. फिलोमेनाचा एकुलता एक मुलगा, ट्यूना पकडणारा, उंचापुरा, फार न बोलणारा. लग्नाला चार वर्षं झाल्यावर तो अमेरिकेला मासेमारीच्या बोटीवर कामाला गेला. जम बसला की तुला बोलावतो म्हणाला. पहिल्या वर्षी फोन यायचे, मग ते कमी झाले, मग थांबले. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी तो एक दिवस विमानातून उतरला आणि पिशवी खांद्याला लावून थेट तिच्या दारात जाऊन उभा राहिला. तिने दार उघडलं, त्याला बघितलं आणि लावून घेतलं. पुढच्या रविवारी चर्चबाहेर सगळ्या गावासमोर दादाने त्याची कॉलर धरली आणि सांगितलं, परत माझ्या मुलीच्या दारात दिसलास तर तुझी आई तुला ओळखणार नाही.  बेलार्मिनोने कर्जाने एक जुनी ट्यूनाची बोट घेतली आणि आईजवळ राहू लागला. दोन्ही घरांचं बोलणं बंद झालं. मी आणि फिलोमेना लहानपणापासूनच्या मैत्रिणी, आम्ही तेवढ्या द्राक्षाच्या मळ्यात दगडी कुंपणाआड बसून बोलायचो. समुद्रात बेलार्मिनोची बोट दिसली की दादा दुर्बीण दुसरीकडे वळवायचा.

तो परतल्याला दोन वर्षं होत आली, त्या ऑक्टोबरमध्ये वारा काही केल्या पडेना. द्राक्षं उतरवून झाली होती, पहिली दारू पिंपात आंबत होती, आणि आठवडाभर नैर्ऋत्येकडून असा वारा सुटला होता की दोरीवर कपडा ठरत नव्हता. होड्या धक्क्याला बांधलेल्या. खानावळीत पर्यटक चीज आणि मक्याची भाकरी खात, खिडकीतून पांढरा समुद्र बघत बसलेले. देवमासे बघायला अर्ध्या जगावरून आलेली माणसं, आणि त्यांना दिसत होत्या फक्त आमच्या गाई.

गुरुवारी सकाळी वारा एकदम थांबला. डोंगराचा माथासुद्धा उघडा पडला. दादा उजाडताच वर गेला आणि त्याला लगेचच देवमाशांच्या श्वासाचे फुंकारे दिसले. माद्यांचा कळप होता, सोबत एक पिल्लू, किनाऱ्यापासून फार लांब नव्हे. आठ दिवसांत पहिल्यांदा. त्याने देओलिंदाला सांगितलं. तिने विचारलं, वारा कसा वाटतोय. त्याने आभाळ बघितलं, पाण्याचा रंग बघितला, आणि म्हणाला की दुपारपर्यंत दम धरेल. हे त्याचं बोलणं धक्क्यावरच्या सगळ्यांनी ऐकलं. देओलिंदाने दहा-बारा माणसं होडीत बसवली, त्यांच्या लाइफ जॅकेटचे पट्टे स्वतः ओढून बघितले आणि निघाली.

मासे त्यांना मनासारखे दिसले. मी त्या वेळी अळकुड्या आणि सॉसेजचं भांडं टोपलीत घालून टेकडी चढत होते. मला नुसत्या डोळ्यांनीही ती होडी दिसली, काळ्या पाण्यावर केशरी ठिपक्यासारखी. एका मादीने शेपूट वर उचलून बुडी मारली तेही दिसलं. मी क्षणभर उभी राहिले. मग माझ्या पाठीला वारा लागला आणि डोक्यावरचा रुमाल उडाला.

मी खोलीत शिरले तेव्हा दादा वायरलेसवर ओरडत होता की पुरे झालं, परत फिर. दक्षिणेकडून समुद्रावर एक काळी पट्टी सरकत येत होती आणि तिच्यामागे सगळं पाणी पांढरं. देओलिंदाला ती खालून दिसली नव्हती, पण तिने वाद घातला नाही. होडी वळली. पूर्ण वेगाने येत राहिली असती तर वेळेत पोचली असती. अर्ध्या वाटेवर ती थांबली.

"बाबा, पंख्यात काहीतरी गुंतलंय," तिचा आवाज आला. "जाळं आहे. कुणाचं तरी तुटलेलं."

ती मागच्या बाजूला पालथी पडून सुरीने जाळं कापू लागली. दुर्बिणीतून दादाला तिची पाठ दिसत होती. थोडं कापलं, इंजिन सुरू झालं, धूर आला आणि ते कायमचं बंद पडलं. तोवर वारा तिच्यापर्यंत पोचला होता. होडी आडवी झाली आणि किनाऱ्याकडे ढकलली जाऊ लागली. तिथे किनारा म्हणजे वाळू नव्हे. जुन्या ज्वालामुखीचा थिजलेला काळा दगड, कड्यासारखा उभा, आणि त्यावर लाटा फुटून घराएवढ्या उंच उडत होत्या.

दादाने बंदरावर कळवलं. तिथल्या माणसाने हातपाय गाळले नाहीत, जे करायचं ते सगळं केलं. शेजारच्या बेटावरून बचावाची बोट निघाली, दुसऱ्या बेटावरून हेलिकॉप्टर निघालं. पण दोन्ही लांब होती, आणि आमच्या बंदराच्या तोंडावर लाटा फुटायला लागल्यामुळे तिथून कुणाला बाहेर सोडता येत नव्हतं. होडी खडकावर यायला जेवढा वेळ होता त्यात कुणीही पोचणार नव्हतं. त्याने हे सरळ सांगितलं. दादा "बरं" म्हणाला.

नांगर होता होडीत, पण आमचा समुद्र किनाऱ्यालगतच एकदम खोल जातो, दोर तळाला टेकत नाही. एकच जागा अशी आहे की जिथे तळ वर येतो. आम्ही तिला म्हातारीचा खडक म्हणतो. पाण्याखाली एक उंचवटा आहे, कड्यापासून समुद्रात थोडाच आत. होडी त्याच्यावरून जाईल तेवढ्या वेळात नांगर टाकला तर धरेल. आधी टाकला तर दोर नुसता लोंबकळत राहणार, उशीर झाला तर होडी दगडावर. लाटांमध्ये बसलेल्या देओलिंदाला तो कुठे आहे हे कळायचा मार्ग नव्हता. वरून तिथलं पाणी जरासं हिरवट दिसत होतं, फेसातून मधूनमधून.

"नांगर हातात घे," दादा म्हणाला. "मी सांगेन तेव्हाच टाकायचा."

"किती जवळ आलोय, बाबा? लोक रडायला लागलेत."

"रडू दे. तू माझं ऐक. अजून नाही."

त्याचा आवाज इतका शांत होता की मला भीती वाटली. त्याचा दुसरा हात मोटारीच्या सीटचा फाटका कापूस उपटत होता. अजून नाही, अजून नाही, असं तो किती वेळा म्हणाला मला माहीत नाही. मला तर वाटलं वेळ निघून गेली. होडी कड्याच्या इतकी जवळ आली की लाट परत फिरताना तिच्यावर पाणी पडत होतं.

"टाक."

होडी तशीच मागे चालली. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा तिचं पुढचं टोक झटक्याने समुद्राकडे वळलं होतं आणि ती जागच्या जागी वरखाली होत होती. नांगराने धरलं होतं.

दादाने मला फोन दे म्हटलं नाही. तो म्हणाला, "फिलोमेनाच्या पोराचा नंबर आहे तुझ्याकडे."

मी लावून दिला. बेलार्मिनोने उचलला, आणि दादा बोलायला लागला. मी माझ्या भावाला कधी कुणासमोर हात जोडताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी तो फोन दोन्ही हातांत धरून, मान खाली घालून बोलत होता. तो म्हणाला, मी तुला जे बोललो ते बोलायला नको होतं. म्हणाला, मी तुझ्या पाया पडतो, माझी एकच मुलगी आहे. फोनमधून वाऱ्याचा आणि इंजिनाचा आवाज येत होता. बेलार्मिनो आधीच बोटीवर होता. धक्क्यावर वायरलेस सगळेच ऐकत होते, त्यानेही ऐकलं होतं.

"मामा, बडबड बंद करा," तो म्हणाला. मला फोनबाहेर स्पष्ट ऐकू आलं. "दोर कुठल्या बाजूने गेलाय तेवढं सांगा. माझ्या पंख्यात यायला नको."

दादाने सांगितलं. फोन बंद झाला.

बेलार्मिनोबरोबर त्याचा मावसभाऊ सिल्व्हिनो होता. बंदराच्या तोंडाशी ते बराच वेळ थांबले, मोठ्या लाटा मोजत. मग दोन लाटांच्या मधल्या खळग्यात त्यांनी बोट घातली. पुढची लाट तिच्या नाकावर फुटली, बोट दिसेनाशी झाली आणि पलीकडे बाहेर आली. धक्क्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. फिलोमेना तिथेच उभी होती.

त्याने बोट रबरी होडीच्या वाऱ्याकडच्या बाजूने आणली आणि उलटी, मागे मागे सरकवत जवळ नेली. दोन्ही होड्या एका उंचीवर आल्या की एक माणूस उडी मारायचा आणि सिल्व्हिनो त्याला धरून आत ओढायचा. मग बोट पुढे, मग परत मागे. देओलिंदा प्रत्येकाच्या पाठीवर हात ठेवून वेळ सांगत होती. दादा दुर्बिणीतून बघत एकेक माणूस मोजत होता, मोठ्याने, जणू मला ऐकू जायलाच हवं. शेवटी एक वयस्कर बाई उरली. तिने होडीची कडा धरली ती सोडेना. देओलिंदाने तिची बोटं सोडवली की ती परत धरायची. दोनदा बोट जवळ आली आणि रिकामी गेली.

तिसऱ्या वेळी बेलार्मिनोने सुकाणू सिल्व्हिनोला दिलं आणि स्वतः रबरी होडीत उडी मारली. त्या बाईला त्याने कमरेला धरून उचललं, लहान मुलाला उचलतात तसं, आणि पलीकडे फेकलं. बोटीवर चढलेल्या दोघांनी तिला झेललं.

आता होडीत ती दोघंच होती. त्यांच्यात काय बोलणं झालं ते देओलिंदाने पुढे मला सांगितलं. तो म्हणाला होता, "आधी तू," आणि ती म्हणाली होती, "नाही, होडी माझी आहे." हे चाललेलं असताना त्याने पाठीमागे बघितलं. दादालाही वरून दिसलं. तीन लाटा एकापाठोपाठ येत होत्या, आधीच्या सगळ्या लाटांपेक्षा मोठ्या. सिल्व्हिनोला माणसांनी भरलेली बोट घेऊन बाजूला होण्यावाचून इलाज नव्हता. पहिल्या लाटेवर होडी चढली. दुसऱ्या लाटेवर नांगराचा दोर तुटला. दादाने दुर्बिणीवरून डोळे काढले आणि नुसत्या डोळ्यांनी बघितलं, जणू दुर्बीण खोटं दाखवत असेल. केशरी होडी कड्याजवळच्या पांढऱ्या पाण्यात गेली, उलटी होऊन वर आली आणि तिच्याजवळ कुणी नव्हतं.

मग तो धावला. गुडघे धरलेला माणूस टेकडीवरून कसा धावला मला कळलं नाही. मी मागे, दगडांवर घसरत. खाली कड्यावर गावातले पुरुष दोर घेऊन आधीच पोचले होते. कड्याला एक खाच आहे, तिच्यात पाणी भरायचं आणि ओसरायचं. एकदा ओसरलं तेव्हा देओलिंदा तिथे दिसली, दगडाला मिठी मारून. एका माणसाला कमरेला दोर बांधून खाली सोडलं आणि तिच्यासकट त्याला ओढून वर घेतलं. तिच्या मांडीचं हाड मोडलं होतं, तोंड रक्ताने भरलेलं. दादा तिच्याशेजारी गुडघ्यांवर बसला तेव्हा ती त्याला ढकलत होती.

"मला काय बघताय? तो खालीच आहे. त्याने मला ढकललं वर. खालीच आहे तो."

ते सगळे अंधार पडेपर्यंत बघत राहिले. हेलिकॉप्टर आलं, बचावाची बोट आली. सिल्व्हिनोने माणसं बेटाच्या दुसऱ्या बाजूच्या बंदरात उतरवली आणि तो परत आला. बेलार्मिनो कुणाला दिसला नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत दादा टेकडीवर गेला. त्याच्या पुढच्या दिवशीही, आणि मग रोज. वारा तसाच होता. तो दुर्बिणीने कड्याच्या रेषेवरून एकेक हात पुढे सरकत जायचा, मग परत मागे. फेसाचा पुंजका दिसला, लाकडाचा ओंडका दिसला, समुद्रपक्ष्यांचा थवा एका जागी बसलेला दिसला की सिल्व्हिनोला वायरलेसवर सांगायचा. सिल्व्हिनो जायचा आणि काही नाही म्हणून सांगायचा. देवमासे येतच होते. मी एकदा खोलीत बसले असताना अगदी समोर तीन-चार फुंकारे दिसले. मी दादाकडे बघितलं. त्याची दुर्बीण त्यांच्यावरून गेली आणि थांबली नाही. मी नेलेलं जेवण संध्याकाळी तसंच परत आणायची. त्याची दाढी वाढली. तो झोपतो का, हे मी विचारणं सोडलं.

एका दुपारी फिलोमेना टेकडी चढून आली. काळे कपडे नव्हते, रोजचेच होते, कारण काळे घातले तर मान्य केल्यासारखं होईल असं ती म्हणायची. दादा उठून उभा राहिला. मला वाटलं आता ती त्याच्या तोंडावर थुंकेल, आणि त्यालाही तेच वाटत होतं, त्याने तोंड फिरवलं नव्हतं. ती सीटच्या कडेवर टेकली आणि बराच वेळ धापा टाकत राहिली.

"तुम्ही फोन केला होता त्याला," ती म्हणाली.

"हो."

"काय म्हणाला तो? माझ्याबद्दल काही बोलला?"

दादाने माझ्याकडे बघितलं. त्याला खोटं बोलता आलं असतं. आईला सांगा, असं काहीतरी म्हणाला म्हणून सांगितलं असतं तर कुणाचं काय बिघडलं असतं. मीही मनातून म्हणत होते, सांग रे.

"मला म्हणाला, बडबड बंद करा," दादा म्हणाला. "दोर कुठल्या बाजूला आहे तेवढं विचारलं. बाकी काही नाही."

 फिलोमेनाचा चेहरा हलला. "मलाही तसंच म्हणायचा," ती म्हणाली. "जेवायला वाढताना मी बोलत बसले की म्हणायचा, आई, बडबड बंद कर, सूप गार होतंय." ती रडायला लागली, आवाज न करता. रडताना दादाच्या गुडघ्यावर ती मुठीने मारत राहिली, हळूहळू, आणि तो मार खात उभा राहिला.

उठताना ती म्हणाली, "मी तुम्हाला माफ केलं असं समजू नका. तुम्ही सांगितलंत वारा दुपारपर्यंत दम धरेल म्हणून. सगळ्या गावाने ऐकलंय."

"मी तसं समजत नाही," दादा म्हणाला.

शोध थांबला. शवपेटी नसतानाच प्रार्थना झाली. देओलिंदा हॉस्पिटलमधून कुबड्या घेऊन परतली तेव्हा आम्ही तिची खोली आवरून ठेवली होती, दादाने चूल पेटवून ठेवली होती. फेरीबोटीवरून उतरल्यावर ती म्हणाली की मी फिलोमेनाकडे जाते. ती घरात एकटी नको. दादाने पिशवी उचलली आणि तिला तिथल्या दारापर्यंत पोचवलं. वाटेत त्याने एवढंच विचारलं की तू मला काही बोलणार आहेस का.

"काय बोलू, बाबा?" ती म्हणाली. "मी विचारलं, तुम्ही सांगितलंत. मलाही जायचं होतं. मासे दिसले तेव्हा मी खुश होते." मग थोड्या वेळाने, दारात उभी राहून, "मी त्याला दोन वर्षं दारात उभं केलं नाही. आणि त्या दिवशीही भांडत बसले, होडी माझी आहे म्हणून. उडी मारली असती तर दोघंही गेलो असतो पलीकडे."  दादाने पिशवी आत ठेवली.

वसंतात पर्यटक आले. टेकडीवर आता शेजारच्या गावातला एक माणूस बसतो, चांगला आहे, डोळे तरुण आहेत. दादाने किल्ली त्याला दिली आणि परत त्या वाटेने गेला नाही. सकाळी तो फिलोमेनाच्या गोठ्यात जातो, तिची गाय पिळतो, शेण काढतो, लाकडं फोडून ठेवतो. काही दिवस ती दार उघडून त्याला कॉफी देते, आणि ते दोघं आणि देओलिंदा चुलीपाशी बसतात. काही दिवस दार उघडत नाही. तो दुधाची कासंडी कुंपणाच्या दगडावर ठेवतो, तिच्यात मांजराने तोंड घालू नये म्हणून झाकण घट्ट लावतो आणि घरी येतो.